अठ्ठावन्नाव्या पानावरचं पाणी

आमचा अख्खा देश चौसष्ट पानांत बसतो. हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण एकोणीस वर्षं तो मीच बसवत आले आहे.

किशिनाऊमधल्या एका सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं खातं आहे. दर वर्षी आम्ही एक माहितीपुस्तिका काढतो, 'मोल्दोवा : एक दृष्टिक्षेप'. पहिला भाग राज्यकारभाराचा. त्यात एकशे एक सभासदांची संसद, राष्ट्राध्यक्ष, मंत्रिमंडळ, जिल्हे. दुसरा अर्थव्यवस्थेचा. द्राक्षं, वाइन, अक्रोड, सूर्यफूल, आणि शेवटी परदेशी कमवायला गेलेल्यांवर एक परिच्छेद, जो प्रत्येक नवा साहेब आल्या आल्या आखूड करतो. तिसरा पायाभूत सोयींचा. परिषदांना परदेशी पाहुणे येतात तेव्हा प्रत्येकाच्या समोर एकेक प्रत ठेवलेली असते. बहुतेक जण तिच्यावर कॉफीचा कप ठेवतात.

माझं नाव रायसा. पद संपादकाचं. पण खरं काम म्हणजे निरनिराळ्या खात्यांकडून आलेलं दगडासारखं लिखाण माणसांना वाचता येईल असं करणं.

त्या वर्षी मार्चअखेर मी मुद्रितं तपासत होते. अठ्ठावन्नाव्या पानावर परिशिष्ट होतं, 'नळाचं पाणी मिळणारी गावं'. नवी यादी नुकतीच आली होती. पट्टी धरून एकेक ओळ खाली सरकत होते, आणि यादीच्या शेवटी शेवटी एकदम झाबुरेनी दिसलं. माझं गाव.

दोन मिनिटं मला नुसता आनंद झाला. मग वाटलं, आईनं सांगितलं कसं नाही? फोन लावला.

"आई, नळाला पाणी येतं का गं?"

"कुठल्या नळाला?"

"आपल्या अंगणातल्या."

"त्याला मी गुलाबाची वेल बांधलीय," आई म्हणाली. "का?"

ईस्टरनंतर आठवड्यानं, पितरांच्या सोमवारी, मी गावी गेले. त्या दिवशी आमच्याकडे सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांपाशी जेवतात. इटलीतून, आयर्लंडमधून पोरं गाड्या घेऊन येतात आणि दोन दिवस गावात माणसं दिसतात. एरवी अर्ध्या घरांना कुलपं, उरलेल्या अर्ध्यांत म्हातारी माणसं.

मी पोचले तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आई, अगाफिया, उतारावरच्या विहिरीवरून पाणी आणत होती. खांद्यावर कावड, दोन्ही टोकांना बादल्या. त्या विहिरीवर नर्सबाईनं पाटी लावलीय, 'तान्ह्या मुलांना हे पाणी देऊ नये'. गावात तान्ही मुलं उरलेली नाहीत, त्यामुळे पाटीचा कुणाला त्रास नाही. माझ्याकडे कावड द्यायला आई तयार होईना.

"शहरातली माणसं पाणी सांडतात," ती म्हणाली.

अंगणात नळ होता. खरोखरच गुलाबाची वेल त्याच्यावर चढली होती. मी चावी फिरवली. आतून साधा खाकरा सुद्धा आला नाही.

"फीत कापली त्या दिवशी आलं होतं," आई म्हणाली. "अर्धा तास. बँड वाजत होता तोवर."

शेजारचे तिमोफ्तेकाका कुंपणावरून ऐकत होते. हे पूर्वी ट्रॅक्टर चालवायचे आणि गावातल्या निम्म्या विहिरी यांच्या हातच्या. ते म्हणाले, "बोअर उथळ मारला, पोरी. मी सांगत होतो, इथं खाली जायला हवं, खूप खाली. पण ठेकेदाराला घाई. पंप गाळ ओढून जळाला. नळ उरले."

"मग यादीत कसं आलं?"

"ते तुला माहीत. यादी तुमच्याकडे छापतात."

यानंतर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. खोल बोअर मारून द्यायची सरकारची नवी योजना आली होती. शेजारच्या दोन गावांनी अर्ज केले होते. झाबुरेनीला जिल्ह्याच्या कचेरीनं दारातूनच परत पाठवलं. तुमच्याकडे नळाचं पाणी आहे म्हणाले.

सरपंच मला स्मशानातच भेटले. पांतेलेई सर. सहावी-सातवीत त्यांनी मला गणित शिकवलं होतं. शाळा बंद पडली तशी माणसांनी त्यांना सरपंच केलं. बायकोच्या थडग्यावर त्यांनी पांढरं कापड अंथरलं होतं, वर पाव, अंडी, वाइनची सुरई. मला बघताच त्यांनी पेला भरला.

"रायसा! ये, ये. देव तिच्या आत्म्याला क्षमा करो."

मी दोन थेंब जमिनीवर सांडले, घोटभर घेतली आणि विचारलं, "सर, यादीत आपलं गाव कुणी घातलं?"

"कुठल्या यादीत?"

"नळाच्या."

त्यांनी पेला खाली ठेवला. "आज पितरांचा दिवस आहे."

"पितरांना पाणी लागत नाही, सर. माझ्या आईला लागतं."

"मी खोटं लिहिलेलं नाही," ते म्हणाले. आवाज चढला नाही, पण कान लाल झाले. "फॉर्मवर विचारलं होतं, जोडणी झाली का? झाली. अकरा किलोमीटर पाइप पुरलाय, टाकी उभी आहे, घरटी नळ आहे. पाणी येतं का, असं कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"मग आता सांगा. एक पत्र द्या मला."

"आणि मग? काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही कुणाची? माझी. उद्या चौकशी लागली तर ठेकेदार सापडणार आहे का? त्याची कंपनी कधीच बंद झाली. सापडेन मी. या वयात मला कोर्टात उभं करणार तू?"

शेजारच्या थडग्यांवरचे लोक जेवायचे थांबून आमच्याकडे बघायला लागले होते. त्यांनी माझ्या हातात रंगवलेलं अंडं ठेवलं. त्या दिवशी दिलेलं घ्यावंच लागतं.

किशिनाऊला परतल्यावर मी आधी आमच्या साहेबांकडे गेले. कोर्नेलियू, वय चौतीस, माणूस वाईट नाही, फक्त कुठलाही कागद आपल्या टेबलावर एका दिवसाहून जास्त राहिला तर त्याला ताप चढतो.

"रायसाबाई, यादी आपली नाही. आपण फक्त छापतो."

"चूक आहे हे माहीत असूनही छापायचं?"

"चूक आहे कशावरून? मूळ तक्ता बघितलात?"

मी नव्हता बघितला. कपाटातून काढला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'केंद्रीय पाणीपुरवठा जाळ्याशी जोडणी झालेल्या लोकवस्त्या'. आणि समासात निळ्या पेन्सिलीनं केलेली दुरुस्ती होती. 'नळाचं पाणी मिळणारी गावं. (सोपं करा!)'

पेन्सिल माझी. अक्षर माझं. सात वर्षांपूर्वी मीच ते दगडासारखं वाक्य माणसांना वाचता येईल असं केलं होतं. तेव्हाच्या साहेबांनी शाबासकीसुद्धा दिली होती.

कोर्नेलियूनं तो कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि खाली मान घालून म्हणाला, "असू द्या. कुणाच्या लक्षात येत नाही असलं."

माझ्या लक्षात आलं होतं ना! त्या दुपारी मी जेवले नाही. सात वर्षं मी जोडणीला पाणी म्हणत होते, आणि जिल्ह्याची माणसं माझी पुस्तिका पुढ्यात ठेवून गावांना परत पाठवत होती.

मग सुरू झाली पायपीट. यादी जिथून येते त्या कचेरीत गेले. चष्मा नाकावर घसरलेल्या एका बाईंनी सांगितलं, "सरपंचाचं पत्र आणा, लगेच नाव काढते." सरपंच पत्र देणार नाहीत, म्हटलं. "मग जिल्ह्याचं आणा."

जिल्ह्याला जायला सकाळची मिनिबस पकडली. अडीच तास उभ्यानं, कुणाच्या तरी कोंबडीच्या पिलांचा खोका पोटाशी धरून. तिथल्या अधिकाऱ्यानं कपाटातून आमचीच, एव्हाना छापून आलेली नवी पुस्तिका काढली, पान अठ्ठावन्न उघडलं आणि झाबुरेनीवर बोट ठेवलं.

"हे बघा, बाई. छापील आहे."

"ते मीच छापलंय."

"मग तुम्हीच बदला."

"बदलायला तुमचं पत्र लागतं."

"आणि आम्हाला पत्र द्यायला आधार लागतो," त्यानं पुस्तिकेवर टिचकी मारली. "आधार हा आहे. यात तर पाणी आहे म्हटलंय."

"अहो, पण यातलं चुकीचं आहे म्हणूनच मी आले!"

"कोण म्हणतं चुकीचं आहे?"

"मी! संपादक!"

"लेखी आहे का?"

मी त्याच्या टेबलावरचं पाण्याचं भांडं उचललं. फेकायचं मनात होतं. पिऊन टाकलं. येताना तोच खोका, तीच पिलं. बाजारात गिऱ्हाईक मिळालं नव्हतं त्यांनाही.

मेमध्ये मी पुन्हा गावी गेले आणि घरोघर फिरून सह्या गोळा केल्या. तिमोफ्तेकाका काठी टेकत बरोबर. कुठे सही, कुठे अंगठा, कुठे "पोराला इटलीत विचारून सांगते". एका म्हातारीनं तीनदा सही केली, कारण तिला लिहिता येतं हे कुणी बरेच दिवस पाहिलं नव्हतं. एकशे बारा जणांच्या सह्या झाल्या. अर्ज मी लिहिला, राजधानीत यादीच्या त्याच कचेरीत नेऊन दिला, आवक क्रमांक घेतला, आणि दर सोमवारी फोन करत राहिले. जून गेला, जुलै गेला. सोमवारी फोन घेणारी मुलगी माझा आवाज ओळखायला लागली. "नाही अजून, रायसाबाई," हॅलोच्या आधीच म्हणायची.

ऑगस्टमध्ये पत्र आलं. प्रत्यक्ष पाहणीसाठी समिती येणार होती, अचानक. अचानक म्हणजे कधी, तेही पत्रात होतं. अठरा तारीख, सकाळी साडेदहा. प्रत माहितीसाठी माननीय सरपंच, झाबुरेनी.

सतरा तारखेला दुपारी आईचा फोन. आवाज इतका उंच की मला वाटलं कुणी गेलं.

"आलं गं! रायसा, आलं! नळाला पाणी आलं! वेल तोडावी लागली मला, पण आलं!"

"आई, कुठून आलं?"

"नळातून!"

मी रजा टाकून संध्याकाळच्या गाडीनं निघाले. कुंपणाशी तिमोफ्तेकाका वाट बघत होते. "जिल्ह्याचा आगीचा बंब," ते म्हणाले. "सकाळपासून नऊ खेपा. टेकडीवर जातो, टाकीत ओततो, खाली येतो. आग कुठंच नाही."

दुसऱ्या दिवशी समिती वेळेवर आली. पांढऱ्या गाडीतून तीन जण. प्रमुख लिव्हिया नावाच्या एक इंजिनिअर बाई, पन्नाशीच्या, पायात रबरी बूट. बूट बघून मला जरा आशा वाटली. पांतेलेई सर इस्त्रीचा शर्ट घालून पुढे झाले. पहिलंच घर आमचं.

लिव्हियाबाईंनी चावी फिरवली. पाणी आलं. धो धो.

त्यांनी वहीत लिहिलं.

"बाई, थांबा," मी म्हटलं. "हे पाणी काल बंबानं नऊ खेपा करून टाकीत ओतलंय. बोअरला पाणी नाही. पंपच नाही."

"तुम्ही पाहिलंत?"

"यांनी पाहिलंय." मी तिमोफ्तेकाकांना पुढे केलं.

"तिमोफ्तेला सकाळपासूनच सगळं दुप्पट दिसतं," सर हसून म्हणाले. "एक खेप असेल तर नऊ दिसतात." समितीतले दोघं हसले.

"म्हणजे एक खेप झाली तर," काका म्हणाले. पण तोवर सर पुढे निघाले होते.

"बाई," लिव्हिया मला हळू आवाजात म्हणाल्या, "मला दिसतं ते मी लिहिते. नळ उघडला, पाणी आलं. ऐकीव गोष्टी लिहायला माझ्या फॉर्मवर जागा नाही."

आणखी चार घरं झाली. चारही ठिकाणी पाणी. मग सरांनी सगळ्यांना आपल्या अंगणात नेलं. अक्रोडाखाली टेबल मांडलेलं होतं. चीज भरलेल्या गरम पोळ्या म्हणजे प्लाचिंता, कोंबडीचा रस्सा, मक्याच्या पिठाचा मामालीगा, तळघरातली थंडगार वाइन. ते सोडून तपासणीला उठायची कुणाची छाती व्हावी असा थाट नव्हताच तो. मला बोलावलं, मी गेले नाही. घरी येऊन पायरीवर बसले आणि रडले. चार महिन्यांची पायपीट, एकशे बारा सह्या, आणि वर गावासमोर खोटी ठरले. आता तर पाणी असल्याचा सरकारी पुरावा झाला. मी काही केलं नसतं तर निदान संशय तरी शिल्लक राहिला असता.

आई दारात उभी होती. काल आनंदानं नाचत होती, आज नळाला हातही लावत नव्हती.

"म्हणजे हे पाणी आजच्यापुरतंच?" तिनं विचारलं.

"हो, आई."

"उद्या नाही?"

"उद्या नाही. परवा नाही. पुन्हा कोणी साहेब येईपर्यंत नाही."

"मग रडत काय बसलीस? बादल्या काढ!"

तिनं घरातली सगळी भांडी बाहेर आणली. बादल्या, घंगाळं, द्राक्षं तुडवायचं पिंप, मुरांब्याची मोठी कढई. नळ पूर्ण उघडला आणि रस्त्यावर जाऊन ओरडली, "अगं ए बायांनो! पाणी आजच्याच दिवस आहे! भरून घ्या! संध्याकाळी बंद!"

पाच मिनिटांत गल्ली जागी झाली. ज्यांना उठायला काठी लागते त्या बायका पिंपं लोटत अंगणात आल्या. कोणी कोबीला पाट काढून दिला. कोणी हिवाळ्यातले गालिचे काढून कुंपणावर टाकले आणि नळाखाली घासायला घेतले. तिमोफ्तेकाका आपल्या घराचं काम आटोपून कुलूप लावलेल्या घरांच्या अंगणांत शिरले. त्या पोरांच्या किल्ल्या त्यांच्याकडेच असतात. तिथले नळ उघडले. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणाले, "त्यांच्याही झाडांना तहान असेलच की."

आईच्या मनात फक्त बादल्या होत्या, हे मी शपथेवर सांगते. काकांच्या मनात काय होतं ते काका जाणोत.

तासाभरानं सरांच्या अंगणात लिव्हियाबाई हात धुवायला उठल्या. मी रस्त्यावरूनच बघत होते. त्यांनी चावी फिरवली. नळानं आचका दिला, लालसर पाणी थुंकलं, मग म्हाताऱ्यासारखा खोकला आणि थांबला. बाईंचे हात साबणानं माखलेले, तसेच हवेत.

"सरपंचसाहेब?"

"दाब कमी झाला असेल," सर म्हणाले. "येईल आत्ता."

बाई तशाच उभ्या राहिल्या. साबण वाळून हातांवर पांढरा झाला. शेवटी त्यांनी सरांच्या सुनेनं आणलेल्या बादलीतल्या पाण्यानं हात धुतले, ते पुसले आणि म्हणाल्या, "पंपघर बघू या."

"किल्ली ठेकेदाराकडे आहे."

टेकडीवर आम्ही सगळेच गेलो. सगळं गाव मागे. पंपघराला हातभर गंजलेलं कुलूप. काकांनी दार खालून धरलं, एक हिसका दिला आणि बिजागऱ्यांतून उचलून बाजूला ठेवलं. "कुलूप तसंच आहे हो," ते म्हणाले. "मी हात नाही लावला."

आत सिमेंटच्या चौथऱ्यावर चार बोल्ट होते. बाकी कुणाची तरी कांद्याची पोती.

"पंप कुठे आहे?"

"दुरुस्तीला," सर म्हणाले.

"केव्हापासून?"

काकांना तारीख तोंडपाठ होती, पण त्यांनी ती सांगितली नाही. सर हळूहळू एका पोत्यावर बसले. इस्त्रीच्या शर्टाला पाठीवर घाम आला होता.

"चार पत्रं लिहिली मी," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "पंपासाठी. चौघांनी सांगितलं, तुमचं काम पूर्ण झाल्याची नोंद आहे, पूर्ण झालेल्या कामाला पंप देता येत नाही. नोंद माझ्याच सहीची. मग मी लिहायचं सोडून दिलं."

मला त्यांचा राग येत होता, आणि मी जिल्ह्याच्या त्या टेबलापाशी कशी उभी होते तेही आठवत होतं. दोन्ही एकदम. त्यामुळे धड रागावताही येईना.

लिव्हियाबाईंनी वही उघडली आणि बराच वेळ पेन दाताखाली धरून उभ्या राहिल्या. "साडेदहाला पाणी होतं," त्या मला म्हणाल्या. "एक वाजता नव्हतं. मी दोन्ही लिहिणार. पंप नाही हेही लिहिणार. पुढे काय करायचं ते वरचे ठरवतील."

वरच्यांनी ठरवायला नोव्हेंबर उजाडला. झाबुरेनीचं नाव यादीतून निघालं. बोअरच्या योजनेचे अर्ज सप्टेंबरअखेर बंद झाले होते. मी त्या सोमवारच्या मुलीला फोन करून ओरडले. ती बिचारी म्हणाली, "रायसाबाई, मीही खेड्यातलीच आहे," आणि मग मला फोन ठेवताही येईना.

पुस्तिकेचं तेवढं झालं. पुढच्या आवृत्तीत मी मथळा बदलला, 'जोडणी झालेली गावं'. खाली तळटीप घातली, 'जोडणी असली म्हणजे पाणी येतंच असं नाही.' कोर्नेलियूनं तळटीप खोडली.

"परदेशी पाहुणे वाचतात हे, रायसाबाई."

"वाचत नाहीत. कप ठेवतात."

"तरी पण."

दोन दिवस भांडले. तळटीप गेली, मथळा राहिला. जिल्ह्याच्या कचेरीत आता हा मथळा पुढ्यात ठेवून कोणी गावाला परत पाठवणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. खात्री नाही.

जानेवारीत पांतेलेई सर माझ्या कचेरीत आले. फरची टोपी हातात, बुटांवर बर्फ. मला वाटलं, भांडायला आलेत. त्यांनी पिशवीतून योजनेचा कोरा अर्ज काढला. नवीन फेरी सुरू झाली होती.

"तू चांगलं लिहितेस," ते म्हणाले. "भरून दे. सही करतो."

मी सगळं भरलं. नकाशा, लोकसंख्या, घरांची संख्या. सद्यस्थिती या रकान्यापाशी थांबले आणि कागद त्यांच्यासमोर सरकवला.

"हे तुम्ही लिहा, सर. तुमच्या हातानं."

"काय लिहू?"

"गावात पाणी नाही."

त्यांनी माझं पेन घेतलं, चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. तीन शब्द लिहायला त्यांना पंधरा मिनिटं लागली. खाली सही करताना म्हणाले, "आता मला जे व्हायचं ते होऊ दे." मी त्यांना चहा दिला.

मार्चमध्ये अर्ज परत आला, कारण नकाशावर शिक्का नव्हता. तो मारून पुन्हा पाठवला. मग अकरावीचा रोमानियन भाषेचा पेपर तपासावा तसं कुणीतरी व्याकरण दुरुस्त करून तो पुन्हा परत पाठवला, तोही सुधारून दिला. मेमध्ये मंजुरीचं पत्र आलं. झाबुरेनी पात्र ठरलं होतं. प्रतीक्षा यादीत एक्केचाळिसावं. मी फोन करून विचारलं, बोअर मारणारं यंत्र वर्षाला किती गावं करतं? नऊ, म्हणाले. पाऊस नसला तर.

सरांवर चौकशी बसली, ती अजून चालू आहे. दर महिन्याला त्यांना जिल्ह्याला जाऊन तेच उत्तर द्यावं लागतं. तिमोफ्तेकाका त्यांच्यासोबत मिनिबसमधून जातात. कशाला, विचारलं तर म्हणतात, "एकट्याला जागा मिळत नाही."

ही बातमी सांगायला मी गावी गेले. आई अंगणात घेवडा सोलत होती. मी क्रमांक सांगितला, नऊचा आकडा सांगितला. तिनं सोलायचं थांबवलं नाही, पण ओठ हलत होते. हिशेब करत होती.

"म्हणजे मी चौऱ्याऐंशीची होईन," ती म्हणाली.

"हो, साधारण."

"तोवर मला जगावं लागणार?" तिनं घेवड्याची पाटी माझ्याकडे ढकलली. "काय हा सरकारी जाच! धर, तू सोल. मी विहिरीवर जाऊन येते."

या वेळी मी कावड तिच्या हातातून ओढूनच घेतली. ती माझ्यामागून उतारावर येत राहिली, दर दहा पावलांनी ओरडत, "सांडतंय! अगं, सांडतंय!" बादल्या तेव्हा रिकाम्या होत्या.